एक माणूस, तिघे, घोळका, डोंगर

सत्तावीस वर्षं केपेंच्या भूमापन कचेरीत
मी नकाशे काढले.
दोन भावांमधली माडांची रांग कुणाच्या अंगणात पडते
ते सेंटिमीटरात सांगायचं, खाली सही करायची.
एका फणसापायी माणसं कोर्टाच्या पायरीवर म्हातारी होताना पाहिली.
माझी रेघ केसभर सरकली
की कुणाची तरी विहीर जायची.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी
म्हापशाच्या बाजारात, कुलपं आणि रिकाम्या बाटल्यांमध्ये
हा काळा डबा दिसला.
‘खेळणं आहे,’ बाई म्हणाली, ‘पण फोटोही येतो.’
दीडशे सांगितले, एकशेवीसला दिला.
वजन सुकल्या करवंटीएवढं.
खटका दाबला तर सुपारी फोडल्यासारखा बारीक ‘टिच्’,
तोही शेजारच्या घरातून आल्यासारखा.

वर एक कळ आहे, सूर्य की ढग.
इकडे सरकवा, तिकडे सरकवा, आत काही हलत नाही.
मी उघडून पाहिलं.
आणि भिंगाभोवती अंतराच्या खुणा:
एक माणूस.
तिघे.
घोळका.
डोंगर.
बस्स.
मी कितीतरी वेळ ते कडं फिरवत बसलो.
जन्मभर साखळी ओढत हिंडलो शेताशेतांतून,
आणि इथे कुणीतरी प्लॅस्टिकवर कोरून ठेवलंय
की अंतर माणसांत मोजायचं,
आणि माणसं संपली की पुढे डोंगर.

फिल्म भरायची तर काळोख हवा,
म्हणून मी चादरीत डोकं खुपसतो.
प्रमोदा म्हणते, आत मांजर व्यालीय काय?
पाठीमागच्या तांबड्या खिडकीतून
आकडा हळूहळू वर येतो,
तळ्यातून कासव यावं तसा.
एकूण बारा.
बारा म्हणजे उगाच कुणावर उडवायचे नाहीत.
कुशावतीच्या पुलावर मी एकदा तास-दीड तास उभा होतो,
काहीही काढलं नाही,
आणि घरी आलो तो पोट भरल्यासारखा.

मडगावचा सेराफिन अजून फिल्म धुतो,
कोठीच्या खोलीत, कांद्यांच्या माळेखाली.
पहिला रोल उजेडाला धरून म्हणाला,
‘उजवाड रिगला मरे हातूंत!’
शिरला होता खरा.
प्रत्येक फोटोच्या कडेला तांबडा ओघळ,
सोलांचं आगळ सांडावं तसा;
देवळाच्या दीपस्तंभावर, प्रमोदाच्या खांद्यावर,
आमच्या कुत्र्याच्या एका कानावर.
त्याने काळी चिकटपट्टी दिली. फटी बुजव म्हणाला.
मी तीन बुजवल्या.
एक ठेवली.

आंबावलीला रोक आणि इनास राहतात.
त्यांच्यामधली रेघ माझीच, एकोणनव्वद सालची.
पाव घेऊन मिंगेल पोदेर पों पों करत आला तेव्हा
मी रोकच्या अंगणात होतो, ‘टिच्’ केलं.
मग इनासच्या अंगणात गेलो, ‘टिच्’ केलं.
मधे कळ पुरती फिरवायला विसरलो.

फोटो आला तो एकच, लांबलचक.
दोन्ही अंगणं एकमेकांत विरघळलेली,
इनासच्या वाळवणात रोकची कोंबडी,
सायकलचं पुढचं चाक एकाकडे, मागचं दुसऱ्याकडे,
आणि टोपलीत पावांच्या जागी
कुणाच्या तरी माडाचा शेंडा.
रेघ शोधली. सवयीने, भिंग लावून शोधली.
नाही सापडली.

फोटो घेऊन गेलो दोघांकडे.
इनास काही बोलला नाही, चष्मा आणायला म्हणून आत गेला
तो बराच वेळ बाहेर आला नाही.
रोकने उलटा धरला, सुलटा धरला,
‘हातूंत म्हजो माड खंयचो?’
मी म्हटलं, मला कसं कळणार,
मी आता निवृत्त आहे.

रोलमध्ये अजून चार शिल्लक आहेत.
पोदेर गेलाय वळणापर्यंत.
कडं फिरवतो: एक माणूस…
नको, राहू दे डोंगरावर.